सिंथची बटणं फिरवण्याआधी : आवाजाचं विज्ञान स्वतःच्या कानांनी शिकायचं कसं

मी सिंथेसायझर (विजेवर आवाज तयार करणारं वाद्य, थोडक्यात सिंथ) शिकायला घेतला तेव्हा कटऑफ, रेझोनन्स, एन्व्हलप ही बटणं नुसती फिरवत बसायचे, काहीतरी भारी वाजलं की सेव्ह करायचे आणि ते का वाजलं ते कळायचं नाही. दुसरीकडे फिजिक्सचं पुस्तक उघडलं की तरंगांची समीकरणं, ती सोडवता यायची पण त्यातून आवाज काही निघायचा नाही. या दोन गोष्टी जुळल्या त्या एका साध्या प्रयोगात. एकाच सुरात आ म्हणता म्हणता मी ई केला आणि स्क्रीनवर बघितलं तर सुराच्या रेघा जागच्या जागी होत्या, फक्त कुठल्या रेघा गडद दिसतात ते बदललं होतं. म्हणजे गळा आवाज तयार करतो आणि तोंड त्यातलं काय ठेवायचं ते निवडतं, आणि सिंथचा ऑसिलेटर आणि फिल्टर पण हेच करतात! त्यामुळे खालचा क्रम मी मुद्दाम असा लावलाय की आधी ऐकायचं, मग बघायचं, मग गळा, आणि सिंथ सगळ्यात शेवटी.

काय काय लागेल

- कॉम्प्युटर, कुठलाही चालेल, जुना असला तरी
- वायरचे हेडफोन (ब्लूटूथ का नको ते पुढे येतंय)
- साधा माइक, नसेल तर लॅपटॉपचा पण चालेल
- ऑडॅसिटी : रेकॉर्डिंग आणि सूर तयार करायला, फुकट आहे
- प्रात : बोलण्याचा अभ्यास करणारे लोक वापरतात ते सॉफ्टवेअर, ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं, हे पण फुकट
- सर्ज एक्सटी : फुकट आणि ओपन सोर्स सिंथ
- एक वही, कारण काय ऐकू आलं ते लगेच लिहिलं नाही तर दुसऱ्या दिवशी कान वेगळंच सांगतात

गणित म्हणाल तर भागाकार आला की बास.

१. आधी रेकॉर्डिंग नीट होतंय का ते बघा

ही पायरी सगळे सोडतात, मी पण सोडली होती. मी बासरीचा एक लांब सूर फोनवर रेकॉर्ड केला आणि बघते तर दोन-तीन सेकंदांनी सूर आपोआप बारीक होत जातोय. मला वाटलं माझीच फुंक कमी पडतेय, म्हणून तीन दिवस तोच सूर परत परत वाजवला. खरा प्रकार असा होता की त्या ॲपमध्ये नॉइज सप्रेशन चालू होतं. असली ॲप्स माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असतात, जो आवाज न बदलता चालू राहतो तो पंख्याचा किंवा मशीनचा असणार असं धरून ती तो दाबून टाकतात. एकसारखा सूर म्हणजे त्यांच्या लेखी नॉइजच.

म्हणून नॉइज सप्रेशन बंद करा, ऑटोमॅटिक गेन (आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणं) बंद करा, फाइल वॅव्हमध्ये ठेवा, एमपी३ मध्ये नको. एमपी३ कानाला जे ऐकू येणार नाही असं तिला वाटतं ते काढून टाकते, ऐकायला ते ठीक आहे पण आपल्याला नेमकं तेच बघायचंय. सँपल रेट, म्हणजे आवाज सेकंदाला किती वेळा मोजायचा तो आकडा, ४४१०० किंवा ४८०००, काहीही ठेवा.

ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू केला की बऱ्याचदा सँपल रेट ८००० किंवा १६००० वर येतो आणि जेवढा सँपल रेट त्याच्या निम्म्याच्या वरचं काहीही पकडता येत नाही, म्हणजे ४००० किंवा ८००० हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढी कंपनं, यालाच फ्रिक्वेन्सी म्हणतात) वर सगळा अंधार. मग तुम्ही शोधत बसता की माझ्या आवाजातला स गेला कुठे.

आणि मीटर लाल होऊ देऊ नका. लाट वरून कापली गेली की जे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) मूळ आवाजात नव्हतेच ते तयार होतात आणि ग्राफमध्ये ते अगदी खऱ्यासारखे दिसतात. उणे ६ ते उणे १२ डेसिबलच्या आसपास टोकं राहिली की झालं.

२. एकच साधा सूर, आणि कानाची पहिली लबाडी

व्हॉल्यूम आधी कमी करा मग हेडफोन लावा, याच क्रमाने. ऑडॅसिटीत जनरेट मेनूमध्ये टोन, साइन (एकाच फ्रिक्वेन्सीची साधी लाट), ४४० हर्ट्झ, ॲम्प्लिट्यूड (लाटेची उंची) ०.२. ही पेटीवरची पांढरी सहा. खोलीतल्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर धरला तर या सुराची एक लाट ७८ सेंटिमीटर लांब होते. आता ८८० करून ऐका, तोच सूर वरच्या सप्तकात. दुप्पट केलं की सप्तक, हे कायम.

मग दोन ट्रॅक घ्या, एकावर ४४० आणि दुसऱ्यावर ४४३. सेकंदाला बरोब्बर ३ वेळा आवाज फुगतो आणि बसतो, वाद्य लावणारी माणसं हीच डुल ऐकून तार जुळवतात.

यानंतर १०० आणि ३०००, दोन्हीची ॲम्प्लिट्यूड सारखीच ठेवून ऐका. स्क्रीनवर दोन्ही लाटा सारख्याच उंच, पण ३००० चा सूर कानात घुसतो आणि १०० चा जेमतेम लागतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे नीट मोजून त्याचे आलेख काढले. याचं एक कारण हातात पट्टी घेऊन कळेल इतकं सोपं आहे. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर, एका टोकाला उघडी, दुसऱ्या टोकाला पडदा. अशा नळीत जी लाट नळीच्या चौपट लांब असते ती सगळ्यात जास्त घुमते. ३४३ ला ०.१ मीटरने भागा, ३४३० हर्ट्झ. म्हणून साधारण ३००० च्या आसपास आपला कान सगळ्यात तिखट असतो. हा चौपटीचा हिशेब लक्षात ठेवा, पुढे तोंडासाठी पण हाच लागणार आहे.

इथला खड्डा खरोखर धोक्याचा आहे म्हणून वेगळं सांगते. आपल्याला किती वरचं ऐकू येतं हे बघायला लोक १५०००, १७००० असे सूर लावतात, ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवतात, तरी येत नाही म्हणून अजून वाढवतात. ऐकू येत नसलं तरी दाब कानावर पडतच असतो आणि मग चुकून १००० चा ट्रॅक लागला की संपलं. कामाच्या जागी ८५ डेसिबल दिवसाला ८ तास ही मर्यादा धरतात आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी, म्हणजे ८८ ला ४ तास. कानातल्या केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. वयाने वरचं ऐकू येणं कमी होतं ते सगळ्यांचंच होतं, त्याची परीक्षा घ्यायची असेल तर व्हॉल्यूम न वाढवता घ्या.

३. हार्मोनिक्स हाताने रचा

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, याला निदान दोन-तीन दिवस द्या.

चार वेगळे ट्रॅक करा, सगळे साइन : २०० हर्ट्झ ०.४ ने, ४०० हर्ट्झ ०.२ ने, ६०० हर्ट्झ ०.१३ ने, ८०० हर्ट्झ ०.१ ने. नवा सूर करताना आधीचा ट्रॅक सिलेक्ट राहिला असेल तर तो पुसला जातो, म्हणून आधी रिकाम्या जागी क्लिक करा. आता चारही एकदम वाजवा. चार सूर ऐकू येत नाहीत! एकच सूर येतो, २०० चा, फक्त आता त्याला अंग आलेलं असतं, साइनसारखा पोकळ राहत नाही. हे असं का ते ॲनलाइझमधल्या प्लॉट स्पेक्ट्रममध्ये दिसेल, चार सुळके एकसारख्या अंतरावर उभे. कुठलीही परत परत येणारी लाट अशा साध्या लाटांची बेरीज असते, हा फ्रेंच गणिती फूरियेचा विचार, त्याने तो १८२२ मध्ये छापला तो उष्णतेच्या अभ्यासासाठी, आवाजासाठी नव्हेच.

आता २०० चा ट्रॅक म्यूट करा. सूर चढून ४०० व्हायला हवा असं वाटतं ना, पण नाही होत, आवाज पातळ होतो पण सूर २०० चाच राहतो. जो सूर हवेत नाहीच तो तुम्ही ऐकताय. (काही जणांना सुटे सूर ऐकू येतात, विशेषतः आवाज मोठा असेल आणि वाद्य लावायची सवय असेल तर. तुम्हाला तसं झालं तर ट्रॅक बंद-चालू न करता मिक्स करून पहिल्यापासून ऐका.) जुन्या टेलिफोन लाइनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जायचं, पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर १०० च्या आसपास, म्हणजे तो लाइनवर यायचाच नाही, तरी बाबांचा आवाज बाबांचाच वाटायचा. याचं कारण हेच.

या गायब सुरावरून १८४० च्या दशकात सीबेक आणि ओम या शास्त्रज्ञांचा चांगला वाद झाला होता. कानाच्या आत साधारण ३५ मिलिमीटर लांबीची एक पट्टी असते, तिच्या सुरुवातीच्या टोकाला वरचे सूर हलवतात आणि आतल्या टोकाला खालचे, बेकेशीने हे दाखवलं आणि त्याला १९६१ चं नोबेल मिळालं. पण नुसत्या जागेवरून हा गायब सूर पूर्ण समजत नाही, नसांमधून जे ठोके जातात त्यांची लय पण मेंदू वापरतो. नवशिक्याने इथून एवढंच घ्यावं की फ्रिक्वेन्सी मशीन मोजतं आणि सूर आपण ऐकतो, बहुतेक वेळा दोन्ही जुळतात पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अजून एक करा, पण आता साइनऐवजी सॉटूथ (करवतीच्या दातांसारखी लाट, तिच्यात सगळे हार्मोनिक्स असतात) घ्या. ४४० सोबत ५५० लावा, मग ४४० सोबत ५५४.३७ लावा. ४४० ला सा धरला तर पहिला शुद्ध ५ : ४ चा गंधार, दुसरा कीबोर्डवरचा. दुसऱ्यात एक खरखर ऐकू येते, ती कुठून येते तर ४४० चा पाचवा हार्मोनिक २२०० वर आणि ५५४.३७ चा चौथा साधारण २२१७ वर, हे दोघे सेकंदाला १७ वेळा एकमेकांवर आपटतात. कीबोर्डवर सप्तकाचे १२ सारखे भाग केलेले असतात, प्रत्येक पायरी १.०५९४६ पट, त्यात पंचम जवळजवळ जुळतो (६६० ऐवजी ६५९.२६) पण गंधार बराच चढा पडतो. तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार ऐकू येतो तो तिचा पाचवा हार्मोनिक, तो शुद्धच असतो, म्हणून कीबोर्डचा गंधार त्याच्याबरोबर वाजवला की लगेच टोचतो.

स्पेक्ट्रम बघताना साइझ नावाचा आकडा असतो त्यात लोक फसतात. ४४१०० ला ४०९६ ने भागलं की साधारण १०.८ हर्ट्झ, म्हणजे त्याहून जवळचे दोन सूर वेगळे दिसणारच नाहीत. आणि ४०९६ सँपल म्हणजे ९३ मिलिसेकंद, तेवढ्या वेळात जे घडलं ते सगळं एकात मिसळलेलं. आकडा वाढवला की सूर नीट दिसतो आणि वेळ पुसट होते, कमी केला की उलटं. दोन्ही एकदम मिळत नाही, सॉफ्टवेअर कितीही महागाचं घ्या.

४. आता गळा

प्रात उघडा, एका सुरात न थांबता आऽ ईऽ ऊऽ म्हणा आणि रेकॉर्डिंग व्ह्यू अँड एडिटने बघा. स्पेक्ट्रोग्रामच्या (कुठल्या वेळी कुठली फ्रिक्वेन्सी किती जोरात ते दाखवणारं चित्र) सेटिंगमध्ये विंडो लेंग्थ ०.००५ असते ती ०.०३ करा म्हणजे आडव्या रेघा सुट्या दिसतील. या रेघा म्हणजे हार्मोनिक्स, स्वरयंत्रातल्या पट्ट्या जितक्या वेळा उघडझाप करतात त्याच्या पटीत. सूर तोच ठेवला तर आ चा ई होताना रेघा हलत नाहीत. परत ०.००५ केलं की रेघा मिटतात आणि जाड पट्टे दिसतात, ते फॉर्मंट, म्हणजे तोंडाच्या पोकळीत जे घुमतं ते.

आता तो चौपटीचा हिशेब. गळ्यापासून ओठांपर्यंत मोठ्या माणसाची नळी साधारण १७ सेंटिमीटर, गळ्याकडे बंद, ओठाकडे उघडी. ३४३ भागिले ०.६८, जवळपास ५००, मग त्याची तिप्पट १५००, पाचपट २५००. जीभ मधोमध सैल सोडून अ म्हटलं की फॉर्मंट याच्या आसपास सापडतात. जीभ हलवली की नळीचा आकार बदलतो आणि ते सरकतात. १९५२ मध्ये पीटरसन आणि बार्नी यांनी इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांचे मोजले ते सुरुवातीला धरून चाला : आ साठी ७३० आणि १०९०, ई साठी २७० आणि २२९०, ऊ साठी ३०० आणि ८७०. तुमचे वेगळे येणारच.

मग कुजबुजत आ ई ऊ म्हणा. सूर नाहीच, रेघा गायब, तरी स्वर ओळखू येतात कारण पट्टे जागेवर आहेत. ज्या दिवशी हे दिसेल त्या दिवशी फिल्टर म्हणजे काय ते परत कोणाला विचारावं लागणार नाही.

मराठी बोलणाऱ्यांना इथे एक जास्तीची गंमत मिळते. चार आणि चांगला हे दोन शब्द रेकॉर्ड करा, लिहिताना च एकच, पण चांगला मधल्या च चा खरखरीत भाग स्पेक्ट्रोग्राममध्ये वर बसतो आणि चार मधला त्याच्या खाली. लिपीत जो फरक नाही तो चित्रात स्वच्छ दिसतो. ताप आणि थाप पण बघा, थ नंतर श्वासाचा धुरकट पट्टा येतो आणि मगच आ सुरू होतो.

खड्डा : प्रातमध्ये मॅक्सिमम फॉर्मंट बायकांच्या आवाजासाठी ५५००, पुरुषांसाठी ५००० ठेवायचा. हे तसंच सोडलं तर दुसऱ्याच जागी लाल ठिपके पडतात आणि आपण विश्वास ठेवतो. ठिपके गडद पट्ट्यावर बसलेत का हे दर वेळी डोळ्यांनी बघा.

५. मग सिंथ

सर्ज एक्सटीत एकदम साधा, इनिट पॅच घ्या. ऑसिलेटर सॉ करा. सॉ मध्ये सगळे हार्मोनिक्स असतात, दुसरा निम्मा, तिसरा एक तृतीयांश असे उतरत जाणारे. स्क्वेअरमध्ये फक्त विषम. क्लॅरिनेट एका टोकाला बंद असलेली नळीच आहे म्हणून तिच्या खालच्या सुरांत विषम हार्मोनिक्स जोरात असतात आणि स्क्वेअर ऐकताना तिची आठवण येते.

लो पास फिल्टर (खालचं जाऊ देतो, वरचं अडवतो) लावा, कटऑफ (जिथून अडवायला लागतो ती जागा) हळूहळू खाली आणा, रेझोनन्स (त्या जागेचा जोर) वाढवून परत फिरवा, प्रत्येक हार्मोनिक एकेक करून शिटीसारखा पुढे येतो. हे ऐकताना तिसऱ्या पायरीचे सुळके डोळ्यासमोर आणा.

आता दोन फिल्टर समांतर करा, दोन्ही बँडपास (ठरलेल्या जागेच्या आसपासचंच जाऊ देणारे), एक ७३० वर, दुसरा १०९० वर, आणि खालचा ११० हर्ट्झचा सूर धरून ठेवा. सिंथ आ म्हणतो. एक २७० वर आणि दुसरा २२९० वर न्या, ई म्हणतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. होमर डडलीने बेल लॅब्समध्ये याच तत्त्वावर व्होडर बनवला, १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात तो कळा दाबून लोकांसमोर बोलून दाखवायचे.

खड्डा : कीट्रॅक. हे चालू असलं की वरचा सूर वाजवल्यावर फिल्टरही वर सरकतो. स्वरांसाठी ते शून्य ठेवा, कारण सूर चढवला म्हणून तुमचं तोंड काही लहान होत नाही. रेकॉर्डिंग जोरात पळवलं की माणूस खारीसारखा बोलतो ते यामुळेच, सुराबरोबर फॉर्मंट पण वर गेलेले असतात.

६. आवाजाची सुरुवात कापून बघा

पियानोचा एक सूर रेकॉर्ड करून ऑडॅसिटीत रिव्हर्स करा. हार्मोनिक्स तेच, पण ऐकणाऱ्याला विचारा कुठलं वाद्य, तो पेटी किंवा ॲकॉर्डियन म्हणेल. सुरुवातीचे ठोक्याचे काही मिलिसेकंद कापले तरी वाद्य ओळखणं अवघड होतं. म्हणून एन्व्हलपवर (आवाज वेळेनुसार कसा चढतो-उतरतो ते) वेळ घालवा. ॲटॅक (आवाज पूर्ण चढायला लागणारा वेळ) अगदी शून्य ठेवला तर टक् असा आवाज येतो, तो स्पीकर खराब म्हणून नाही तर लाट अचानक सुरू झाली की क्षणभर सगळ्या फ्रिक्वेन्सी एकदम येतात म्हणून. ५ मिलिसेकंद दिले की जातो.

७. पुढे : एफएम आणि तार

एफएममध्ये एक लाट दुसरीची फ्रिक्वेन्सी हलवते. जॉन चाउनिंगला हे १९६७ मध्ये स्टॅनफर्डला सापडलं आणि १९८३ मध्ये यामाहाच्या डीएक्स७ या सिंथने ते घराघरात नेलं. सुरुवातीला फक्त दोन लाटांच्या फ्रिक्वेन्सीचं गुणोत्तर बदला : १ : १ ने सुरेल आवाज, १ : १.४ ने घंटेसारखा, कारण हार्मोनिक्स आता पटीत पडत नाहीत.

तारेचा प्रयोग कोड लिहिता येत असेल तर नक्की करा, दहा ओळी पण लागत नाहीत. १०० रँडम आकड्यांची रांग घ्या. पहिला आकडा वाजवा, मग पहिल्या दोघांची सरासरी काढून रांगेच्या शेवटी ठेवा, पहिला काढून टाका, आणि हेच करत राहा. ४४१०० सँपल रेटला चक्क छेडलेली तार वाजते, ४४३.२ हर्ट्झची (४४१०० भागिले ९९.५, तो अर्धा सरासरीमुळे कमी होतो). नुसत्या खरखरीतून सूर निघतो कारण रांग फिरून परत येते, आणि सरासरीने वरचे हार्मोनिक्स आधी मरतात, खऱ्या तारेतही तसंच होतं. कार्प्लस आणि स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये हे छापलं.

कोडने सॉ लाट बनवत असाल तर मात्र सांभाळा, २२०५० च्या वरचे हार्मोनिक्स जात नाहीत, ते दुमडून खाली येतात, ३०००० वाला १४१०० वर येऊन बसतो आणि वरचे सूर बेसूर वाजायला लागतात. सिंथमध्ये हे आतून सांभाळलेलं असतं.

तार वाजायला लागली की रांग ४०० आकड्यांची करा म्हणजे सूर ११० च्या आसपास उतरतो, मग तिला पाचव्या पायरीतल्या त्या दोन बँडपासमधून पाठवा, ७३० आणि १०९०. तार आ म्हणते. ती वाजत असतानाच फिल्टर हळूच २७० आणि २२९० कडे सरकवा.